गॅस केंद्रातल्या पूजेचा मान

नोकरी संपली, खाकी कपाटात गेली, खून-दरोड्यांची प्रकरणंसुद्धा आता एकमेकांत मिसळायला लागली. पण खंडेनवमीच्या सकाळचं ते एक प्रकरण काही केल्या डोक्यातून जात नाही. त्यात कोणी मेलं नाही. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या, त्याही माझ्या नावाशिवाय. नाव का नाही आलं, ते पुढे सांगतो. गुंतलेल्या माणसांची नावं मात्र मी देणार नाही. त्यांची मुलंबाळं अजून कल्याण-डोंबिवलीतच राहतात.

त्या वेळी मी कल्याणच्या बाजूला एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. नवरात्र म्हणजे आमच्या खात्याची परीक्षाच. शहरातल्या मोठ्या देवींचे बंदोबस्त, मिरवणुका, रस्ते अडवणं, व्हीआयपींच्या गाड्या. त्या वर्षी टेंभी नाक्याच्या बंदोबस्तावर माझा एक बॅचमेट होता. आम्ही प्रशिक्षणात एकाच बराकीत राहिलो, एकाच ताटात जेवलो. पुढे तो ठाण्याला गुन्हे शाखेत गेला आणि मी फिरत राहिलो आंबिवली, शहाड, टिटवाळ्याच्या हद्दीत. त्याचा फोटो महिन्यातून एकदा तरी पेपरात यायचा. माझी बायको तो फोटो मला मुद्दाम दाखवायची, "तुमचे मित्र बघा, बारीक झालेत," म्हणून. तो बारीक झाला होता, हेही माझ्या पोटात दुखायला पुरेसं होतं. माझं पोट सुटलेलं.

तर खंडेनवमीला सकाळी मी हद्दीतल्या एका मंडळाजवळ उभा असताना ठाणे अंमलदाराचा फोन आला. हायवेजवळच्या गॅस केंद्राबद्दल निनावी फोन आला होता. पुरुषाचा आवाज, तोंडावर काहीतरी धरून बोलल्यासारखा. निरोप एवढाच: "नव्या इन्चार्जने व्हॉल्व्हच्या खोलीत थिनर आणि पेंट भरून ठेवलाय. पूजेच्या आधी या, नायतर सगळा उडंल." अंमलदाराने स्टेशन डायरीत नोंद घेतली होती. फोन केंद्रासमोरच्या चहाच्या टपरीवाल्याच्या मोबाईलवरून आलेला. टपरीवाला म्हणत होता, दिवसभरात कितीतरी ड्रायव्हर फोन मागतात, कोणाकोणाचे चेहरे लक्षात ठेवणार?

हे केंद्र म्हणजे काय ते आधी सांगतो. दूरवरून जाड पाईपातून मोठ्या दाबाने नैसर्गिक वायू येतो. तो दाब इथे कमी केला जातो आणि मग तो गॅस घरांकडे, कारखान्यांकडे जातो. कुंपणाच्या आत व्हॉल्व्हची एक खोली, एक ऑफिस, आणि अगदी मागच्या भिंतीला, सगळ्यांपासून लांब, एक छोटं स्टोअर. रंग, थिनर, वंगण, तेल लागलेल्या चिंध्या असं जे जे पेट घेईल ते त्या लांबच्या स्टोअरमध्ये. व्हॉल्व्हच्या खोलीजवळ रोजच्या कामापुरतं न्यायचं आणि काम झालं की उरलेलं परत स्टोअरला. नियम इतका साधा आहे. मला तो त्याच दिवशी कळला.

आम्ही पोचलो तेव्हा फाटकावरच्या गार्डने आमचे मोबाईल काढून घेतले. माझ्या ड्रायव्हरच्या खिशातली काडेपेटीही घेतली. मला बरं वाटलं, म्हटलं इथे शिस्त आहे. आत मात्र पूजेची गर्दी होती. यंत्रं धुऊन पुसून काढलेली, पिवळा रंग मारलेला, जागोजाग झेंडूच्या माळा. कामगारांच्या बायका नटून आलेल्या. पुढे नव्या इन्चार्जची बायको, नवी कोरी साडी नेसून, हातात तबक घेऊन व्हॉल्व्हच्या खोलीकडे निघालेली. मागोमाग झेंडूची परडी घेतलेली स्टोअरकीपरची बायको. तिच्या मागे बाकीच्या. आणि त्या तबकात नीरांजन होतं. पेटलेलं.

गार्डने सगळ्यांच्या काडेपेट्या काढून घेतल्या होत्या. पूजेच्या तबकात हात घालायचं धाडस मात्र कोणालाच झालं नव्हतं. काडेपेटी हळदीकुंकवाच्या वाटीशेजारीच पडलेली होती. इन्चार्ज पुढे जाऊन कुलूप उघडत होता. दार उघडलं आणि रंगाचा, थिनरचा भपकारा मला पाच-सहा पावलांवरून आला.

मी ओरडलो, "थांबा! कोणी पुढे यायचं नाही!"

बाई दचकली, पण थांबायच्या ऐवजी गोंधळून आणखी एक पाऊल पुढे आली. मी धावलो आणि नीरांजनाची वात चिमटीत दाबली. बोटं भाजली. बाईंना रडू फुटलं. त्यांच्या सासूबाई मागून म्हणाल्या, "अहो साहेब, भरल्या पूजेत दिवा विझवलात! असं करतं का कोणी?"

"आजी, घरी जाऊन पुन्हा लावा. इथे नको," मी म्हणालो.

सगळ्यांना फाटकाबाहेर काढलं. अग्निशमन दलाला बोलावलं. त्यांच्या आणि कंपनीच्या माणसांनी खोली हवेशीर केली, मग दोन पंचांसमोर पंचनामा सुरू झाला. फिल्टरच्या मागे, जुन्या फ्लेक्सच्या फलकाखाली, थिनरचे आणि रंगाचे डबे होते. अर्धवट वापरलेले, काहींची झाकणं नीट बसत नव्हती. वर तेलाने माखलेल्या चिंध्यांचं गाठोडं. आणखी दोन पावलं आणि ती ज्योत त्या भपकाऱ्यात शिरली असती.

चौकशीत पहिलं बोट इन्चार्जकडेच वळलं, आणि का वळू नये? खोलीची चावी त्याच्याच जुडग्यात. शिवाय आदल्या दिवशी त्यानेच कामगारांना सांगितलेलं, "उद्या मोठे साहेब येणारेत, आवारात एक डबा दिसता कामा नये." मूळचा साताऱ्याकडचा, डोंबिवलीत भाड्याने राहणारा हा तरुण माणूस मला म्हणाला, "साहेब, डबे मागच्या स्टोअरला न्या असंच सांगितलेलं मी. आई शप्पथ. मी स्वतः संध्याकाळी खोली बघून कुलूप घातलेलं." पण स्टोअरचं नाव ऐकल्याचं एकही कामगार सांगत नव्हता.

कंपनीचे मॅनेजर ठाण्याहून गाडीने आले. त्यांनी लगेच हात वर केले. "इन्स्पेक्टर साहेब, हा शंभर टक्के त्याचा निष्काळजीपणा आहे. आम्ही त्याला निलंबित करतोय, तुम्ही गुन्हा दाखल करा." इन्चार्जची बायको फाटकाबाहेर सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. नवऱ्याला बढती मिळून वर्षही झालं नव्हतं. अटक झाली असती तर नोकरी गेली असतीच, आणि असा ठपका असलेल्या माणसाला गॅसच्या कुठल्याच कंपनीने पुन्हा दारात उभं केलं नसतं.

एवढ्यात माझा बॅचमेट येऊन पोचला. गॅसची पाईपलाईन म्हटल्यावर घातपाताचा संशय आलाच, म्हणून वरून त्याला पाठवलेलं. तो आला तो कडक इस्त्रीत, मागे दोन जीप, आणि त्यामागे कॅमेरेवाले. मला बाजूला घेऊन म्हणाला, "अरे, सोपं आहे. चावी त्याची, ऑर्डर त्याची. संध्याकाळी मी घेऊन जातो त्याला ठाण्याला. तू पंचनामा तेवढा नीट कर."

पंचनामा तेवढा नीट कर! अंगाचा तिळपापड झाला माझा. त्या माणसाचा गुन्हा आहे की नाही, हा विचार नंतर आला. आधी मनात आलं ते हे, की आज हा माझ्या हद्दीतून माणूस उचलून फोटो काढून घेणार. मी म्हणालो, "संध्याकाळपर्यंत वेळ आहे ना? मग तोवर तो माझ्या ठाण्यात राहील."

मी सगळ्यांचे जबाब घ्यायला बसलो. त्यात स्टोअरकीपरची पाळी आली. तो शहाडच्या बाजूच्या जुन्या गावातला, केंद्र बांधलं गेलं तेव्हापासून तिथे. त्याला सगळे दादूस म्हणत, म्हणजे थोरला भाऊ. मीही तेच म्हणतो. त्या दिवशी त्याची सुट्टी होती, तरी तो केंद्रासमोरच्या रस्त्यापलीकडे हवालदाराला उभा दिसला होता. हवालदार त्याला फाटकासमोरच्या गर्दीत न शिरू देता थेट ठाण्यात घेऊन आला.

कामगारांकडून मला एक गोष्ट कळली होती. केंद्र सुरू झाल्यापासून खंडेनवमीच्या पूजेला दादूस आणि त्याची बायको बसायचे. त्यांची एक रीत होती: आत दिवा लावायचाच नाही. नीरांजन नुसतं वात घालून ठेवायचं, नारळ आणि आरती फाटकाबाहेर. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, दादूस असताना ते आपोआप व्हायचं. या वर्षी मॅनेजरांनी पूजेचा मान इन्चार्जला दिला. त्याच्या बायकोला ही रीत कोणी सांगितलीच नाही.

"दादूस, मान गेला म्हणून वाईट वाटलं असेल ना?" मी विचारलं.

"मना कशाला वाईट वाटंल, साहेब? मी साधा स्टोअरवाला. ते शिकलेले. त्यांनी बसाचा, आमी बघाचा." हसून बोलला तो. मग न विचारताच सुरू झाला. इन्चार्जने मोटरसायकल कुठल्या शोरूममधून घेतली. तो डबा आणतो त्यात रोज चपात्या असतात, भात नाही. त्याचा पांढरा शर्ट ब्रँडेड नाही, उल्हासनगरचा आहे. मॅनेजर त्याला 'बेटा' म्हणतात. त्याच्या बायकोची साडी कुठल्या दुकानातली, तेही त्याला ठाऊक.

मग मी इन्चार्जला वेगळं बसवून विचारलं, "दादूसचं गाव कुठलं?" तो म्हणाला, "इथलंच कुठलंतरी असेल, साहेब. शहाडकडे?" मुलं किती? माहीत नाही. घर स्वतःचं की भाड्याचं? माहीत नाही. त्याला दादूसबद्दल काहीच ठाऊक नव्हतं, कारण त्याने कधी तिकडे लक्षच दिलं नव्हतं.

नोकरीत मी पुष्कळ माणसं पाहिली. प्रेमात पडलेला माणूस दुसऱ्याची इतकी बारीक माहिती ठेवतो, आणि मत्सर करणारा ठेवतो. हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं. माझ्या बॅचमेटच्या बुटांचा ब्रँड, त्याच्या मुलीच्या कॉलेजचं नाव, त्याच्या प्रमोशनचा महिना मला तोंडपाठ होता. त्याला माझ्या मुलाचं नाव तरी आठवत असेल की नाही, शंका आहे.

दादूसवर हात उगारून किंवा दमदाटी करून काही निघणार नाही, हे मला कळलं. असा माणूस मार खाईल आणि त्यातही स्वतःची थोरवी मानेल. मी चहा मागवला. फाईल बंद केली. आणि सहज गप्पा माराव्यात तसा म्हणालो, "बरं झालं दादूस, सुटलं प्रकरण. इन्चार्ज हुशार निघाला हां."

"कसा काय?"

"अरे, ते डबे त्याला आदल्या दिवशीच दिसले होते म्हणे. कोणीतरी आगाऊपणा केलाय हे त्याने ओळखलं. आम्हाला फोनही त्यानेच केला, नाव न सांगता. कंपनी खूश आहे. मॅनेजर म्हणत होते, मोठा अपघात टाळला म्हणून मुंबईच्या ऑफिसात सत्कार करू. शाल, श्रीफळ. पेपरात फोटोही येईल."

दादूसने कप खाली ठेवला. चेहरा काळा पडला.

"त्यांनी फोन केला?"

"असं तो म्हणतो."

"खोटा बोलतोय!" तो उभाच राहिला. "त्याला काय दिसनार साहेब? त्याला त्या खोलीत उजवा-डावा कलत नाय! महिनाभर डबे ठेवले असते तरी दिसले नसते. फिल्टरच्या मागं कोन वाकून बघतो? मी बघतो! मी! आनि फोन त्यानं केला? फोन मी केला, टपरीवाल्याचा मोबाईल घेऊन. सत्कार त्याचा व्हय? माझे फोनाचा सत्कार त्याचा?"

माझा लेखनिक पेन हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. दादूसला आपण काय बोललो ते उमगायला थोडा वेळ लागला. मग तो खाली बसला आणि गुडघ्यांवर हात ठेवून सगळं सांगत गेला. पूजेचा मान गेला त्या दिवसापासून त्याला झोप नव्हती. डबे त्यानेच आदल्या रात्री, इन्चार्ज घरी गेल्यावर हलवले; गार्डला त्याच्या येण्या-जाण्याची सवयच होती. त्याला स्फोट नको होता. पूजेच्या आधी पोलीस यावेत, सगळ्यांसमोर दार उघडावं, आणि नव्या साडीतल्या बायकोसमोर त्या पोराची अब्रू जावी, एवढंच हवं होतं. पोलीस बंदोबस्तात अडकून उशिरा येतील, हे त्याच्या हिशेबात नव्हतं. आपण नसताना आत दिवा पेटेल, हेही नव्हतं.

पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही. त्यामुळे मला हाताला काहीतरी लागायला हवं होतं. मी विचारलं, "कुलूप कसं उघडलंस?" तो म्हणाला, पूजेच्या आराशीसाठी ती खोली वर्षानुवर्षं तोच उघडायचा. नव्या इन्चार्जला चावी दिली तेव्हा एक जोडचावी स्वतःकडे ठेवली. "ती चावी माझीच व्हती, साहेब. का देऊ?" पंचांना घेऊन आम्ही त्याच्या घरी गेलो. मागच्या अंगणात, तुळशीच्या कुंडीखालून त्याने स्वतः ती काढून दिली. कुलपाला लावून पाहिली, लागली. तसा पंचनामा झाला. टपरीवाल्यानेही मग आठवून सांगितलं की फोन मागणारा दादूसच होता. ओळखीचा म्हणून आधी बोलला नव्हता. इन्चार्जला मी त्याच्या बायकोसमोर सोडलं. ती नवऱ्याची बाही घट्ट धरून चालत गेली.

बॅचमेटला मी निकाल सांगितला. तो मनापासून हसला, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "मान गये यार! हे मला सुचलं नसतं." बाहेर जाऊन त्याने कॅमेऱ्यांसमोर निवेदन दिलं आणि त्यात 'स्थानिक पोलिसांनी' असं म्हणाला. माझं नाव घ्यायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्याने ते मुद्दाम केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तो खरंच चांगला माणूस आहे, हे मला आजही सहन होत नाही.

एक गोष्ट मी दादूसला दिवसभर सांगितली नव्हती. त्याची बायको त्या पूजेत होती, हे त्याला माहीत नव्हतं. तिचा जबाब मी स्वतः घेतला होता. ती म्हणाली, "त्यांनी जाऊ नको बोललेले. पन इतकी वर्षं मीच परडी नेते, साहेब. मान गेला म्हणून देवाचं काम सोडायचं का? गेलेली मी गुपचूप. दिवा दिसला मना, पन मान त्यांचा, मी कोन सांगनार?" नीरांजनाच्या अगदी मागे होती ती. भडका उडाला असता तर इन्चार्ज, त्याची बायको आणि तिसरी ती.

वैद्यकीय तपासणीला नेताना जीपमध्ये दादूस माझ्या मागे बसला होता. मला वाटलं, आता याला सांगायला हवं, म्हणजे आपण काय करून बसलो असतो ते त्याला कळेल. मी मागे वळून सांगितलं. तुझी बायको दारात होती, तबकाच्या मागे, हातभर अंतरावर.

तो खिडकीबाहेर बघत राहिला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, ते मी पाहिलं. मला वाटलं, आता हा ढसाढसा रडेल.

मग त्याने डोळे पुसले आणि पुढे वाकून हळू आवाजात विचारलं, "साहेब, मंग पूजेला शेवटी कोन बसला?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "खोलीला सील आहे."

त्याने मान हलवली आणि सीटला टेकून बसला. चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला आरशात स्वच्छ दिसला. जीप वालधुनीच्या पुलावरून जात होती. तीस वर्षांच्या नोकरीत सुरे पाहिले, पिस्तुलं पाहिली, पण कुठल्या आरोपीची मला अशी भीती वाटली नव्हती. कारण तो चेहरा मला अनोळखी नव्हता. पेट घेणाऱ्या वस्तू कुठे आणि किती लांब ठेवायच्या, याचे नियम आहेत, आणि ते पाळले तर माणसं वाचतात. माणसाच्या मनातल्या या गोष्टीसाठी तसा नियम कोणी केलेला मला तरी माहीत नाही. ती ज्याची त्यालाच रोज बघावी लागते, आणि मी अजूनही बघतो आहे.